पथ्यात सवलत एकाचीच : सकाळची कॉफी की प्रसंगाची रेड वाइन?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामानगरात राहतो आणि निवृत्त आहे. पोट फुगणे, मुरडा येणे आणि सकाळी घाईने शौचास जावे लागणे असा त्रास मला बरीच वर्षे होता. सर्व तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार) निदान केले आणि आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फॉडमॅप पथ्य, म्हणजे पोटात आंबणाऱ्या काही शर्करा टाळण्याचे पथ्य, लावून दिले. कांदा, लसूण, गहू, हरभरा, साधे दूध, आंबा, सफरचंद हे सर्व बंद झाले. इंदुरात राहून पोह्यांवर कांदा नाही, शेव नाही आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजाराकडे पाऊल टाकायचे नाही, हे किती अवघड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. तरीही पथ्य नेटाने पाळले आणि गुण आला.

आता एकेक पदार्थ परत आणून पाहण्याचा टप्पा आला आहे. त्याबरोबर कॉफी आणि रेड वाइन यांपैकी एकच गोष्ट आधी सुरू करा, असे बाईंनी सांगितले आहे, कारण दोन्ही एकदम घेतल्या आणि पोट बिघडले, तर दोष कोणाचा हे कळणार नाही. या पथ्याची जी मेलबर्नची यादी आहे तीत काळी कॉफी आणि १५० मिलिलिटर रेड वाइन या दोन्ही हिरव्या, म्हणजे चालणाऱ्या, रंगात आहेत. पूर्वी मी दिवसातून दोनदा कॉफी घेत असे. वाइन केवळ प्रसंगाने, म्हणजे जावई नाशिकहून बाटली घेऊन आले की, जेवणाबरोबर. वाइन हृदयाला चांगली आणि कॉफीने पित्त होते, असे मुलीचे म्हणणे आहे. पत्नीचे मत बरोबर उलट आहे. केवळ पचनाच्या दृष्टीने पाहिले तर आधी कोणती निवडावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

शिप्राकाठ

कॉफी. जी गोष्ट रोज घ्यायची आहे ती आधी तपासावी. प्रसंगाची गोष्ट प्रसंग येईपर्यंत थांबू शकते.

पथ्यकर

मी आहारतज्ज्ञ आहे आणि आयबीएसचे पुष्कळ रुग्ण पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ही यादी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांच्या कामातून आली. फॉडमॅप ही संज्ञा २००५ साली त्यांनीच रूढ केली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंकडून आंबवल्या जाणाऱ्या काही ठरावीक शर्करांचे ते एकत्रित नाव आहे. कांदा-लसणातील आणि गव्हातील फ्रुक्टन, कडधान्यांतील गॅलॅक्टन, दुधातील लॅक्टोज, आंब्यासारख्या फळांतील जास्तीचे फ्रुक्टोज आणि काही गोड ‘शुगर अल्कोहोल’ (मद्यातले अल्कोहोल नव्हे) त्यात येतात. पदार्थात या शर्करा किती आहेत हे मोजायचे आणि त्यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, एवढेच त्या यादीचे काम आहे.

द्राक्षांचा रस आंबताना त्यातली बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकते, म्हणून कोरड्या रेड वाइनच्या एका ग्लासात या शर्करा फारशा उरत नाहीत आणि तिला हिरवा रंग मिळतो. काळ्या कॉफीतही त्या नसतात, म्हणून तीही हिरवी. मात्र मद्यातले अल्कोहोल आणि कॅफीन हे दोन्ही फॉडमॅप नाहीत, त्यामुळे आतड्यावर त्यांचा काय परिणाम होतो याबद्दल तो हिरवा रंग काहीच सांगत नाही. काका, आपण या दोघींची तुलना करता आहात ती नेमकी त्या यादीच्या बाहेरच्या प्रदेशात आहे. यादीत दोघी समान आहेत म्हणून पोटातही समान ठरतील, असे धरून चालू नये.

लष्कर_ग्वाल्हेर

पथ्यकर ताईंच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. माझाही आयबीएस आहे, पण प्रकार बद्धकोष्ठाचा. माझ्यासाठी सकाळची काळी कॉफी हा उपचाराचाच भाग झाला आहे. ग्वाल्हेरच्या थंडीत उठल्याबरोबर पोहे खाऊन वर एक पेला कॉफी घेतली की पोट साफ होते, नाही तर दिवसभर जडपणा राहतो.

हा मनाचा खेळ नाही. १९९० साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना कॉफीनंतर शौचाची भावना होते अशा लोकांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील हालचाल कॉफी पिताच चार मिनिटांत वाढलेली दिसली. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही ती वाढली. साध्या गरम पाण्याने मात्र वाढली नाही. चार मिनिटांत कॉफी मोठ्या आतड्यापर्यंत पोचणे शक्य नाही, म्हणजे जठरातूनच काही संदेश खाली जात असला पाहिजे. त्याच पाहणीत अशी भावना होते म्हणणारे लोक साधारण २९ टक्के होते, सगळे नव्हेत. सुदामानगरकरांचा त्रास माझ्या उलट, घाईचा आहे. माझे औषध त्यांना लागू पडेलच असे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

तुकोगंज

मला शिप्राकाठ यांचे ‘आधी कॉफी’ हे मत पटत नाही. मूळ लेखकाचा त्रास सकाळच्या घाईचा आहे आणि वरच्या प्रतिसादाप्रमाणे कॉफी नेमकी तीच घाई वाढवते, मग कॉफी आधी का? महिन्यातून एखाद्या रात्री, भरल्या पोटी, जेवणाबरोबर सावकाश घेतलेला वाइनचा एक ग्लास सकाळची घाई तरी करत नाही. माझ्या स्वतःच्या पोटाला कॉफी अजिबात चालत नाही आणि वाइन चालते.

शिवाय रेड वाइनमधील पॉलिफेनॉल ही वनस्पतिजन्य द्रव्ये आतड्यातील जिवाणूंना पोषक असतात असे संशोधन आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासात रेड वाइन घेणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता अधिक असल्याचे दाखवले आहे. बिअर किंवा स्पिरिट घेणाऱ्यांत तसे दिसले नाही.

पथ्यकर

तुकोगंज यांचा पहिला मुद्दा योग्य आहे आणि मी त्याकडे परत येईन. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र सांगणे आवश्यक आहे. तो अभ्यास निरीक्षणाचा होता. वाइन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लोकांच्या जगण्यात इतरही पुष्कळ फरक असतात. प्रमाणही लक्षात घ्यावे, कारण पंधरा दिवसांतून एखादा ग्लासही पुरेसा दिसतो, असे खुद्द त्या संशोधकांनीच म्हटले होते. पॉलिफेनॉल हवे असतील तर कॉफीतही क्लोरोजेनिक आम्ले भरपूर असतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांच्या आतड्यात एक विशिष्ट जिवाणू कितीतरी अधिक प्रमाणात आढळला. तोही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, म्हणून त्यावरून कॉफीला औषध ठरवणे मला मान्य नाही. मात्र वाइनच्या पारड्यात असे अभ्यास टाकायचे असतील तर कॉफीच्या पारड्यातही टाकावे लागतील.

वाइन हृदयाला चांगली, ही गोष्ट १९९१-९२ च्या सुमारास फ्रान्समधील निरीक्षणांवरून पसरली आणि मग द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचे नाव घरोघरी पोचले. वाइनच्या एका ग्लासात ते इतके अल्प असते की प्रयोगांत वापरलेल्या मात्रेशी त्याची तुलनाच होत नाही. उलट अल्कोहोलबद्दलचे चित्र आता अधिक स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात घातले, आणि मद्यामुळे कर्करोग होणाऱ्या अवयवांत अन्ननलिका, यकृत व (पुढे जोडले गेलेले) मोठे आतडे हे पचनसंस्थेचेच अवयव येतात. त्याच संस्थेने २०१६ साली कॉफीला संशयितांच्या गटातून काढले, मात्र ६५ अंशांपेक्षा गरम कोणतेही पेय अन्ननलिकेला अपायकारक असण्याचा संभव आहे असा इशारा दिला. काका, कॉफी घ्याल तेव्हा ती वाफाळती पिऊ नका, हे एवढ्यासाठी सांगते.

दांडियाबाजार_बडोदे

आम्ही बडोद्याचे मराठी लोक. आमच्याकडे दारूबंदी असल्यामुळे वाइनचा प्रश्न घरात सहसा निघतच नाही, म्हणून माझे लक्ष सगळे कॉफीवर गेले आहे. आणि तिथे एक मोठी अडचण आहे जिचा उल्लेख अजून कोणी केला नाही, ती म्हणजे चिकोरी.

आपल्याकडे घरोघरी जी इन्स्टंट कॉफी असते तिच्यात पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. आमच्या गुजरातेत आणंद-जामनगरकडे तिची शेतीही होते. या मुळात इन्युलिन भरपूर असते आणि इन्युलिन म्हणजे फ्रुक्टनच, ज्याच्यामुळे कांदा-लसूण बंद केले तेच. भाजताना त्यातले काही तुटते, तरी शंका राहतेच. माझ्या बहिणीने सगळे पथ्य काटेकोर पाळले, तरी तिचे पोट फुगणे थांबत नव्हते. शेवटी डबी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली, तर ‘कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के’ असे छापलेले होते. मिश्रण असेल तर हे प्रमाण छापणे कंपन्यांना बंधनकारक आहे, फक्त ते पुष्कळदा ठळक नसते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टर कॉफीच्या पुड्यांतही हेच आहे. ब्रू इन्स्टंट आणि सनराइज यांत चिकोरी असते. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफीची असते. तरीही प्रत्येकाने आपल्या हातातली डबी वाचूनच खात्री करावी.

रामबाग_वहिनी

दांडियाबाजार ताईंनी फार महत्त्वाचे सांगितले. मी दुधाबद्दल लिहिते. आपल्या घरांत कॉफी म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर काळी कॉफी येत नाही. कपात कॉफी आणि साखर घ्यायची, चमचाभर पाणी घालून रंग फिकट होईपर्यंत फेटायची आणि वरून उकळते दूध ओतायचे, ही आपली कॉफी. दुधात साधारण पाच टक्के लॅक्टोज असते, म्हणजे १५० मिलिलिटर दुधातून सात ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज पोटात जाते. ते ज्याला पचत नाही त्याला त्रास झाला तर तो कॉफीच्या नावावर लिहिला जातो, हे आमच्या घरात घडलेले आहे. सासूबाई कित्येक वर्षे ‘मला कॉफी बाधते’ असे म्हणत. लॅक्टोज-फ्री दूध मिळायला लागल्यावर तीच कॉफी त्यांना व्यवस्थित चालते. अमूलचे तसे दूध इंदुरात मोठ्या दुकानांत मिळते.

निरामय

मला या चर्चेतला मूळ आग्रहच समजत नाही. इतके कष्ट घेऊन पोट शांत झाले आहे, तर दोन्ही सोडून का देऊ नयेत? तांदळाची पेज, आल्याचे पाणी, जिऱ्याचे पाणी हे सर्व आपल्याकडे आहेच. कॉफी काय किंवा वाइन काय, दोन्ही आपल्या पूर्वजांच्या आहारात नव्हत्या.

पथ्यकर

निरामय यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण लो-फॉडमॅप पथ्य कायम पाळण्यासाठी नाहीच. काटेकोर टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो. तो लांबवला तर आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियासारखे उपयुक्त जिवाणू कमी होतात आणि आहार विनाकारण एकांगी राहतो. परत आणता येईल तेवढे परत आणणे हा या पद्धतीचा दुसरा निम्मा भाग आहे. जो रुग्ण आनंदाच्या सर्व गोष्टी एकदम सोडतो तो पुढे पथ्यच सोडून देतो, हे मी वारंवार पाहिले आहे. कॉफीची इच्छा असणे यात लाजण्यासारखे काही नाही.

औषधीवाला

माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून एक प्रश्न विचारणे कर्तव्य समजतो. सुदामानगरकर साहेब, आपली सध्या कोणती औषधे चालू आहेत? या चर्चेत वाइनचा विचार केवळ शर्करा आणि पॉलिफेनॉल यांच्या अंगाने झाला, परंतु आयबीएसच्या माणसाच्या बाबतीत पहिला विचार औषधांचा करायला हवा. आपल्याकडे या विकारासाठी क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियम यांची एकत्र गोळी पुष्कळ लिहिली जाते. तिच्यातला पहिला घटक गुंगी आणणारा आहे आणि त्यावर मद्य घेतले तर दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो. उतारवयात अशा वेळी तोल जाऊन पडण्याची भीती मोठी असते. अल्प मात्रेत दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनबद्दलही हेच लागू आहे. पोटाच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असेल तर मद्य औषध संपल्यानंतरही काही दिवस टाळायचे असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे. ‘एकच तर ग्लास’ असे म्हणून ग्राहक ही गोष्ट सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही, ही आमच्या व्यवसायातली उणीव आहे.

कॉफीचेही थोडे आहे. थायरॉइडची गोळी घेत असाल तर कॉफी तिच्यानंतर अर्धा ते एक तास सोडून घ्यावी आणि लोहाच्या गोळीबरोबर कॉफी घेऊ नये, कारण दोन्हींचे शोषण कमी होते.

तुकोगंज

औषधीवाला यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तशी औषधे चालू असतील तर वाइनचा विषय तिथेच संपतो. माझे म्हणणे औषधे नसलेल्या माणसाबद्दल होते आणि त्यावर मी कायम आहे. मात्र एक सांगतो, वाइन म्हणून आपल्या घरांत जे येते ते पुष्कळदा गोव्याची गोड पोर्ट असते. तिला रेड वाइन समजून यादीतला हिरवा रंग लावू नये. ती गोड आणि अधिक तीव्र असते, आणि यादीतले १५० मिलिलिटर कोरड्या वाइनबद्दल आहेत. ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे पाच ग्लास, हा हिशेब मी स्वतः बाटली उघडण्यापूर्वी करतो.

पथ्यकर

आणि त्या एका ग्लासात, वाइन १३ टक्क्यांची असेल तर, सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप त्याने सैल पडते, म्हणून रात्रीच्या जेवणाबरोबर घेऊन लगेच आडवे झाले की आंबट पाणी वर येते. रेड वाइनमधील हिस्टामीन हाही एक स्वतंत्र त्रास आहे. ज्यांना वाइननंतर चेहरा लाल होणे, नाक चोंदणे किंवा डोके दुखणे असे होते त्यांना ती यादीत हिरवी असून उपयोग नाही.

सुदामानगरकर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. औषधीवाला यांचा प्रतिसाद वाचून गोळ्यांचे पाकीट काढून पाहिले. त्यावर क्लोरडायझेपॉक्साइड हे नाव आहे. डॉक्टरांना दूरध्वनी केला, तेव्हा ही गोळी चालू असेपर्यंत मद्य पूर्ण बंद ठेवा असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझ्या प्रश्नातल्या वाइनच्या बाजूचा निर्णय त्यामुळे झाला आणि मुलीलाही तो पटला.

आता उरली कॉफी. डबी पाहिली, तीत चिकोरी आहे, म्हणून नवीन आणायची ठरवली आहे. तुकोगंज यांनी काढलेली शंका मात्र माझ्याही मनात आहे. कॉफीने सकाळची घाई परत सुरू झाली तर काय करावे?

लष्कर_ग्वाल्हेर

माझे सुचवणे असे, की सकाळी उठल्याबरोबर घेऊ नका. आतड्याची हालचाल मुळात सकाळीच सर्वांत जोरात असते आणि कॉफी तिला आणखी ढकलते. सकाळचे खाणे होऊन, शौच होऊन, दहा-अकराच्या सुमारास घेऊन पाहा.

शिप्राकाठ

आणि दुपारी चारनंतर नको. कॅफीनची निम्मी मात्रा शरीरातून जायला पाच-एक तास लागतात. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी पोट बिघडते, हे आयबीएसवाल्यांना ठाऊकच आहे.

पथ्यकर

तुकोगंज यांच्या मुद्द्याकडे परत येते असे म्हटले होते. घाईच्या प्रकारात कॉफी त्रास देऊ शकते हे खरे आहे, म्हणूनच ती मोजून तपासायची. आधी फक्त काळी, चिकोरीविरहित, अर्धा कप, लष्कर यांनी सांगितलेल्या वेळी. दुसऱ्या दिवशी पाऊण कप, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप. बाकीचा आहार या काळात जसाच्या तसा ठेवावा, नवीन काहीही आणू नये. लक्षणे रोज वहीत लिहावी. मग दोन-तीन दिवस थांबावे. काळी कॉफी निभावली तर मग लॅक्टोज-फ्री दुधाची, आणि साध्या दुधाची चाचणी त्यानंतर स्वतंत्र, कारण ती लॅक्टोजची चाचणी आहे, कॉफीची नव्हे. अर्ध्या कपातच घाई सुरू झाली तर कॅफीन काढलेली कॉफी एकदा करून पाहता येईल, पण लष्कर यांनी सांगितलेला प्रयोग लक्षात ठेवून फार आशा ठेवू नये. सगळे जमले तरी कॉफी आणि चहा मिळून दिवसाला तीन कपांच्या वर जाऊ नये. ब्रिटनमधील आयबीएसच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच मर्यादा आहे.

सुदामानगरकर

समजले. सोमवारपासून सुरू करतो. काळी कॉफी मी कधी घेतलेली नाही, साखर घातली तर चालेल का?

पथ्यकर

एक चमचा साधी साखर चालेल, ती फॉडमॅपमध्ये येत नाही. मध घालू नका, त्यात फ्रुक्टोज जास्त असते.

रामबाग_वहिनी

आणि पुढे लॅक्टोज-फ्री दुधाची पाळी येईल तेव्हा साखर आधी चाखून मग घाला, ते दूध मुळातच साध्या दुधापेक्षा गोड लागते.